इमॅजिकातील रोलर कोस्टरची क्रमवारी, इतिहासाच्या कसोटीवर

१/ खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानातील तीन मोठ्या रोलर कोस्टरची क्रमवारी विचारली, तर बहुतेक तरुणांचे उत्तर ठरलेले असते. पहिला नायट्रो, दुसरा डीप स्पेस, तिसरा गोल्ड रश एक्स्प्रेस. उंची, वेग आणि पोटात येणारा गोळा, या कसोट्यांवर हे उत्तर योग्यच आहे. इतिहासाची कसोटी लावली, की मात्र ही क्रमवारी पूर्ण उलटी होते. ती का उलटते आणि तिचा यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याशी काय संबंध, हा या थ्रेडचा विषय. #थ्रेड #इतिहास

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात मोठ्या मनोरंजन उद्यानांचे युग १९८० च्या दशकात सुरू झाले. दिल्लीचे अप्पू घर १९८४ मध्ये उघडले आणि २००८ मध्ये बंद झाले. मुंबईत गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रातील दोन पिढ्यांनी पहिला रोलर कोस्टर पाहिला तो तिथेच, किंवा निदान दूरदर्शनवरील त्याच्या जाहिरातीत. तेही २०२२ मध्ये बंद झाले. मनमोहन शेट्टी यांनी उभारलेले इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये खुले झाले.

३/ आता कसोटी. प्रत्येक रोलर कोस्टर एखाद्या जुन्या प्रश्नाचे उत्तर असतो. गाडी उलटी फिरली तरी माणूस सुखरूप कसा राहील? वेग न वाढवता भीती कशी वाढवता येईल? आणि त्याही आधीचा प्रश्न : उतारावरून घसरत जाण्यासाठी माणूस पैसे का मोजेल? ज्याच्या मागचा प्रश्न सर्वांत मुळाशी जातो, तो कोस्टर वरच्या क्रमांकाचा. या थ्रेडमध्ये हीच फूटपट्टी वापरली आहे.

४/ या खेळाचे मूळ रशियात सापडते. अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात हिवाळ्यात उंच लाकडी मचाण बांधत, त्याच्या उतरणीवर पाणी ओतून बर्फ गोठवत आणि त्यावरून लोक घसरत. सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने ओरानियनबाउम येथे याच खेळासाठी आंतोनियो रिनाल्दी या इटालियन वास्तुविशारदाकडून एक देखणा प्रासाद बांधून घेतला. तिथली घसरण पुढे पाडली गेली, पण प्रासाद आजही उभा आहे.

५/ पॅरिसमध्ये रशियासारखा बर्फ नव्हता, म्हणून तिथे चाके आली. १८१७ मध्ये त्या शहरात अशा दोन घसरणी सुरू झाल्या. गाडी रुळावरून निसटू नये यासाठी तिची चाके किंवा आस खाचेत अडकवण्याची युक्ती याच काळातली. फ्रेंच भाषेत रोलर कोस्टरला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात. गंमत अशी, की रशियन लोक त्यालाच ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतात. एका खेळाचा प्रवास या दोन नावांतच नोंदला गेला आहे.

६/ तिसरा क्रमांक : नायट्रो.

लोकप्रियतेत अव्वल असलेला हा कोस्टर बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीने बांधला. उंची सुमारे ४० मीटर, पाच उलट्या आणि पायांखाली जमीनच नाही. वेगाचा अंदाज शाळेतल्या गणितानेही बांधता येतो. ४० मीटर उंचीवरून घर्षणाशिवाय खाली येणारी वस्तू सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर वेग गाठते. वर चढवण्यासाठी साखळी लागते. त्यापुढचे सारे काम गुरुत्वाकर्षणाचे.

७/ गाडी उलटी फिरवण्याची हौस मात्र नवी नाही. १८४६ मध्ये पॅरिसच्या फ्रास्काती बागेत एक वर्तुळाकार फेरा दाखवला गेला. १८९५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ उभा राहिला. त्याचा फेरा सुमारे २५ फूट व्यासाचा आणि अगदी गोल होता. बसणाऱ्यांच्या माना आणि पाठी दुखावू लागल्या, तेव्हा दोष कारागिरीत नसून आकारातच असल्याचे लक्षात आले.

८/ तो दोष असा. गोल फेऱ्याच्या माथ्यावर गाडी खाली पडू नये एवढा किमान वेग ठेवायचा, तर तळाशी तिचा वेग बराच जास्त असतो. हिशेब मांडला तर तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो, आणि तोही एका क्षणात. सरळ रुळावरून थेट वर्तुळात शिरताना हा भार झटक्याने मानेवर येतो. माणसाचे शरीर असा झटका सोसण्यासाठी बनलेले नाही.

९/ १९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉट याने लंबगोल फेरा करून झटका कमी केला. पण एका वेळी मोजकीच माणसे बसत आणि बसणाऱ्यांपेक्षा बघणारेच अधिक जमत. धंदा टिकला नाही. पुढची सुमारे सात दशके उलट्या फेऱ्यांचा नाद जवळजवळ सुटला. या मधल्या काळात जॉन मिलर याने रुळाला खालच्या बाजूने पकडणाऱ्या चाकांचे पेटंट १९१९ मध्ये घेतले. आज कोणताही मोठा कोस्टर रूळ सोडून उडत नाही, याचे श्रेय मुख्यत्वे या चाकांना जाते.

१०/ फेऱ्याचा प्रश्न सुटला तो १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातील ‘रेव्होल्यूशन’ या कोस्टरवर. अंतोन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगल या जर्मन जोडीने फेऱ्याला अश्रूच्या थेंबासारखा आकार दिला. तळाशी वळण सैल, माथ्याशी घट्ट आणि मधला बदल हळूहळू. ही कल्पना आगगाडीच्या अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होती. सरळ रूळ आणि वळण यांच्या मध्ये ते ‘संक्रमण वक्र’ घालत, जेणेकरून डब्यातल्या प्रवाशाला धक्का बसू नये. जमिनीवरचे ते शहाणपण उभ्या फेऱ्यात वापरले गेले.

११/ तळ नसलेल्या गाडीची कल्पना त्याहून ताजी. असा पहिला कोस्टर ‘मेड्युसा’ १९९९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे सुरू झाला आणि तोही याच स्विस कंपनीचा होता. म्हणजे नायट्रोमध्ये शंभराहून अधिक वर्षांचे गणित आणि धातुशास्त्र साठले आहे. असे असूनही तो तिसरा, कारण त्याने सोडवलेला प्रश्न तंत्राचा आहे. माणूस अशा गाडीत मुळात का बसू लागला, याचे उत्तर नायट्रो देत नाही. ते आधीच दिले गेले होते.

१२/ दुसरा क्रमांक : डीप स्पेस.

हा कोस्टर बंदिस्त इमारतीत, अंधारात, अंतराळाच्या देखाव्यातून धावतो. त्याचा प्रश्न अधिक मानवी आहे : डोळ्यांना पुढचे वळण दिसले नाही तर काय होते? उजेडात प्रवासी उतार पाहतो, हात घट्ट करतो, पोट आवळून घेतो. अंधारात ही तयारीच करता येत नाही. त्यामुळे कमी वेगही अधिक वाटतो.

१३/ ही युक्ती जुनी आहे. १८८७ मध्ये लामार्कस थॉम्पसन याने अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे ‘सीनिक रेल्वे’ सुरू केली. गाडी अंधाऱ्या बोगद्यात शिरली, की दिवे पेटत आणि रंगवलेले देखावे उजळत. वीज तेव्हा सामान्य माणसाच्या घरात पोहोचलेली नव्हती. अनेकांसाठी विजेचा चमत्कार जवळून पाहण्याची ही पहिलीच संधी असणार. सिनेमाचे जाहीर खेळ सुरू होण्याला अजून काही वर्षे अवकाश होता.

१४/ पुढे १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’ने पोकळ पोलादी नळ्यांचे रूळ आणले आणि लाकडी सांगाड्याची मर्यादा संपली. १९७५ मध्ये फ्लोरिडातील ‘स्पेस माउंटन’ने अंधार, अंतराळ आणि पोलादी रूळ एकत्र केले. माणूस चंद्रावर जाऊन तेव्हा सहाच वर्षे झाली होती. त्या गाडीचा वेग ताशी जेमतेम ४५ किलोमीटर. यवतमाळच्या रस्त्यावरची दुचाकीही तेवढा वेग सहज घेते. तरीही लोक किंचाळत बाहेर येत. डीप स्पेस हा त्याच घराण्याचा वारस आहे.

१५/ पहिला क्रमांक : गोल्ड रश एक्स्प्रेस.

तरुण मंडळी याला ‘घरच्यांसोबत बसायचा’ म्हणून बाजूला ठेवतात. देखावा अमेरिकेच्या पश्चिमेकडील सोन्याच्या खाणीचा, गाडी खाणीतल्या मालगाडीसारखी. या प्रकाराचा आधुनिक नमुना १९६६ मध्ये टेक्सासमधील एका उद्यानात सुरू झाला आणि १९७९ च्या ‘बिग थंडर माउंटन’ने तो जगभर पोहोचवला. वरवर पाहता ही निव्वळ सजावट वाटते. पण येथे सजावटच खरी वंशावळ सांगते. रोलर कोस्टरचा अमेरिकन पूर्वज खरोखरच खाणीतली मालगाडी होती.

१६/ स्थळ : पेनसिल्व्हेनिया राज्यातील मॉक चंक हे गाव. वर्ष : १८२७. डोंगरावरच्या खाणीतला कोळसा खाली नदीकाठी न्यायचा होता. कंपनीने सुमारे १४ किलोमीटरचा उताराचा लोहमार्ग टाकला. भरलेल्या वाघिणी गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली येत. रिकाम्या वाघिणी खेचरे ओढून वर नेत. उतरताना मात्र खेचरेही एका वाघिणीत उभी राहून येत. या सवारीची चटक लागल्यावर खेचरे पायी उतरायला नकार देऊ लागली, अशी आख्यायिका तिथे सांगतात.

१७/ खाली येणाऱ्या गाडीत बसायला मिळावे म्हणून बघे लोक लवकरच पैसे देऊ लागले. पुढे १८४० च्या दशकात खेचरांची जागा वाफेच्या यंत्रांनी घेतली. १८७२ मध्ये कोळशासाठी बोगद्यातून दुसरा मार्ग निघाला आणि या मार्गावरची मालवाहतूक संपली. मार्ग मात्र मोडला नाही. तो केवळ पर्यटकांसाठी चालू राहिला आणि १९३३ पर्यंत चालला. माल संपला, मजा उरली.

१८/ या गाडीचा आदर्श पुढे ठेवून थॉम्पसन याने १८८४ मध्ये कोनी आयलंडवर ‘स्विचबॅक रेल्वे’ उभारली, असे मानले जाते. लांबी सुमारे १८० मीटर, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, भाडे पाच सेंट. रुळाच्या टोकाला प्रवासी उतरत, नोकर गाडी दुसऱ्या रुळावर ढकलत आणि प्रवासी पुन्हा बसत. आज हसू येईल असा हा वेग, पण गर्दी लोटली. थॉम्पसन हा मूळचा पायमोज्यांचा कारखानदार होता. कारखान्यात आठवडाभर राबणारा माणूस सुट्टीच्या दिवशी पाच सेंट कशासाठी खर्च करील, हे त्याने ओळखले होते.

१९/ इथे थोडे थांबायला हवे, कारण मॉक चंकच्या इतिहासाला दुसरी बाजू आहे. पर्यटक त्या उतारावरून हसत खाली येत होते, त्याच काळात, २१ जून १८७७ रोजी, त्याच गावच्या तुरुंगात चार आयरिश खाणकामगारांना फाशी देण्यात आले. ‘मॉली मॅग्वायर’ या गुप्त संघटनेचे सदस्य म्हणून त्यांच्यावर खुनाचे आरोप होते. पुरावे गोळा केले ते कोळसा आणि रेल्वेच्या मालकांच्या पैशावर काम करणाऱ्या एका खाजगी गुप्तहेर संस्थेने.

२०/ हे कामगार दोषी होते की नव्हते, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. खटले निष्पक्ष नव्हते, यावर मात्र बऱ्यापैकी एकमत दिसते. याच प्रकरणात फाशी गेलेल्या जॉन कीहो याला पेनसिल्व्हेनियाच्या राज्यपालांनी १९७९ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, मरणोत्तर माफी दिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ‘बिग थंडर माउंटन’ सुरू झाला. एकीकडे खाणकामगाराला न्याय मिळत होता, दुसरीकडे त्याची गाडी खेळणे होऊन धावू लागली होती. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवण्याजोगा.

२१/ गोल्ड रश एक्स्प्रेसला पहिला क्रमांक मिळतो तो यामुळे. ‘माणूस घसरण्यासाठी पैसे का मोजू लागला’ या प्रश्नाचे उत्तर तिच्या रूपात दडले आहे. जे एकासाठी रोजचे धोक्याचे काम होते, ते दुसऱ्यासाठी पाच मिनिटांची मौज बनले. धोका काढून घेतला, थरार ठेवला. देखाव्यात खाण आली, लाकडी टेकू आले, गंजलेले डबे आले. खाणकामगार तेवढा आला नाही.

२२/ यावर एक आक्षेप रास्त आहे. असा विचार करत बसले तर कोणत्याच खेळाची मजा घेता येणार नाही, आणि नायट्रोमागचे विज्ञान हे माणसाच्या बुद्धीचे अधिक मोठे यश नाही का? विज्ञानाची क्रमवारी लावायची असेल तर नायट्रो निःसंशय पहिला. दोन कसोट्या दोन वेगळे प्रश्न विचारतात. इतिहास मजा घेऊ नका असे सांगत नाही. गाडी कुठून आली, एवढेच तो विचारतो.

२३/ आता लोहाऱ्याकडे. येथून खोपोली सहाशे किलोमीटरच्या आसपास. इमॅजिकाचे तिकीट आणि प्रवासखर्च एकत्र केला, तर कापसावर जगणाऱ्या कुटुंबासाठी ती चैनच ठरते. या भागातील मुलांचा रोलर कोस्टर म्हणजे यात्रेतली ड्रॅगन ट्रेन. वणीची रंगनाथ स्वामींची यात्रा असो की घाटंजीची मारोती महाराजांची, अशा मैदानांवर आकाशपाळण्याच्या शेजारी अंडाकृती रुळावर वरखाली होत तीच फिरते.

२४/ काटेकोर व्याख्येत ड्रॅगन ट्रेन रोलर कोस्टर नाही, कारण ती गुरुत्वाकर्षणावर नव्हे तर मोटारीवर चालते. पण एका बाबतीत ती इमॅजिकातल्या तिन्ही कोस्टरपेक्षा प्रामाणिक आहे. तिचा सांगाडा ट्रकमधून उतरवणारे, रात्री उशिरापर्यंत नटबोल्ट आवळणारे आणि दिवसभर कळ दाबणारे हात प्रवाशाला समोर दिसतात. तिथे कष्ट देखाव्यामागे लपलेले नसतात. म्हणून ती या क्रमवारीच्या बाहेर, पण तिच्या शेजारी मानाने उभी आहे.

२५/ आणि मॉक चंकशी खरे नाते सांगणारी गोष्ट यवतमाळकडे आधीपासून आहे : शकुंतला रेल्वे. १८६० च्या दशकातील अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथला कापूस थांबला आणि ब्रिटिश गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. इथला कापूस मुंबई बंदरापर्यंत नेण्यासाठी पुढे किलिक निक्सन या कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ असा अरुंद लोहमार्ग टाकला. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाची रुंदी ७६२ मिलिमीटर, लांबी सुमारे ११३ किलोमीटर.

२६/ या मार्गावर १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. म्हणजे कापूस मँचेस्टरला गेला आणि इंजिन मँचेस्टरहून आले. पुढे कापूस ट्रकने जाऊ लागला. शकुंतला उरली ती स्वस्त तिकिटावर दारव्हा, कारंजाकडे जाणाऱ्या गावकऱ्यांची गाडी म्हणून. मागील दशकात तीही थांबली. रुळांवर गवत वाढले. काहींना तिथे मोठी रेल्वे हवी आहे, काहींना जुनी गाडी वारसा म्हणून जपावी असे वाटते.

२७/ माल संपल्यावर मालगाडीचे काय करायचे, हा प्रश्न मॉक चंकपुढे १८७२ मध्ये उभा राहिला होता. त्यांनी तिचे मनोरंजन केले आणि त्या मनोरंजनातून एक जागतिक उद्योग जन्मला. शकुंतलेलाही उद्या पर्यटकांची गाडी म्हणून नवे आयुष्य मिळू शकते. ते मिळावेही. प्रश्न एवढाच, की त्या डब्यात बसणाऱ्याला काय सांगितले जाईल? इंजिनाचे साल, रुळाची रुंदी, साहेबांच्या कंपनीचे नाव, एवढेच?

२८/ की हेही सांगितले जाईल, की हा मार्ग ज्यांच्या कापसासाठी टाकला त्यांना त्या कापसाचा भाव ठरवण्याचा अधिकार नव्हता? की शतक उलटले तरी या जिल्ह्याचे नाव देशाच्या बातम्यांत कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांमुळे येत राहिले? वारसा जपताना कापूस वेचणारी बाई, गाठी उचलणारा हमाल आणि रूळ दुरुस्त करणारा गँगमन देखाव्यातून गळून पडले, तर शकुंतलाही आणखी एक गोल्ड रश एक्स्प्रेस होईल. सुंदर, सुरक्षित आणि अर्धी.

२९/ तर अंतिम क्रमवारी अशी.

पहिला : गोल्ड रश एक्स्प्रेस, कारण तिच्यात या खेळाचा जन्म आहे.
दुसरा : डीप स्पेस, कारण भीती वेगात नसून न दिसण्यात असते, हे तो सिद्ध करतो.
तिसरा : नायट्रो, कारण त्याचे यश मोठे असले तरी तो सर्वांत तरुण प्रश्नाचे उत्तर आहे.

३०/ इमॅजिकाला जाणाऱ्यांनी नायट्रोत आधी जरूर बसावे, रांग तिथेच मोठी असते. मात्र गोल्ड रश एक्स्प्रेसची गाडी चढ चढू लागेल, तेव्हा उतार सुरू होण्याआधी काही क्षण मिळतात. मॉक चंकची खेचरे आणि यवतमाळच्या कापसाच्या गाठी आठवायला तेवढा वेळ पुरतो. ज्यांच्या घरी शकुंतलेच्या प्रवासाच्या, तिच्यावर काम केल्याच्या किंवा यात्रेतल्या खेळण्यांच्या आठवणी असतील, त्यांनी आजीआजोबांकडून त्या आत्ताच लिहून घ्याव्यात. त्या सांगणारी पिढी फार काळ असणार नाही.

(समाप्त)